एक ओढली, आता पुढे?

महिनाभर सिगारेटला हात लावला नाही आणि परवा टपरीवर मित्राच्या कटिंगसोबत एक पेटलीच. त्या एका सिगारेटीपेक्षा धोकादायक असतो तो पुढचा विचार: ‘मोडलंच आहे, तर पाकीटच घेऊ.’ उपास चुकून मोडला म्हणून मिसळ मागवणाऱ्यांपैकीच हे! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८०च्या दशकात हीच मनोवृत्ती उलगडून दाखवली. पाय घसरणं वेगळं आणि पुन्हा व्यसनात पडणं वेगळं, असं ते सांगत.

तेव्हा ‘सोमवारपासून’ नको, आत्ताच थांबा. डॉक्टरांनी दिलेला निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगम एका सिगारेटीपायी सोडून देऊ नका. तलफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ टपरीकडे पाठ करून चालत राहा. कुठे, कुणासोबत, कशामुळे पेटवली, हे मात्र लिहून ठेवा. चहा, दारू आणि साहेबांशी झालेली खडाजंगी, बहुतेकांच्या यादीत हीच नावं निघतात.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. उरलेलं पाकीट फेकण्याआधी तेवढा उतरवून घ्या.