‘अधिष्ठापना’ : शब्द आणि त्याचा वापर

धर्मप्रांताला नवे महागुरू लाभले की निमंत्रणपत्रिकेवर ‘अधिष्ठापना’ हा शब्द येतो. आचोळे असो वा पापडी, बोलताना अनेकजण त्यालाच ‘दीक्षा’ म्हणतात. परंतु हे दोन विधी भिन्न आहेत.

‘अधिष्ठान’ म्हणजे आसन, आधार. नियुक्त व्यक्तीला तिच्या आसनावर विधिपूर्वक स्थानापन्न करणे म्हणजे अधिष्ठापना. महागुरूंच्या आसनाला ग्रीक भाषेत ‘काथेद्रा’ म्हणतात. ते आसन जेथे असते ते मंदिर म्हणजे कॅथेड्रल.

महागुरूपदाची दीक्षा हा संस्कार आहे. तो आयुष्यात एकदाच मिळतो. अधिष्ठापना मात्र प्रत्येक नव्या धर्मप्रांतात होते. बिशप थॉमस डाबरे ह्यांना ही दीक्षा १९९० साली मिळाली. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाल्यावर ते त्याचे पहिले महागुरू झाले आणि २००९ साली त्यांची पुणे येथे नियुक्ती झाली. दोन्ही वेळा आसन बदलले, दीक्षा तीच राहिली.

ह्या विधीत पोपमहोदयांचे नियुक्तिपत्र भाविकांसमोर वाचले जाते, त्यानंतर महागुरू धर्मासनावर बसतात. म्हणजेच पाठविणारा कोण आणि कोणाच्या सेवेसाठी, हे सर्वांसमक्ष स्पष्ट होते.

म्हणूनच ‘पदारोहण’ हा शब्द येथे शोभत नाही. आरोहणात उंच चढण्याचा भाव आहे. अधिष्ठापनेत सोपविलेल्या लोकांमध्ये स्थिर होण्याचा.