मूत्रपिंडाची पारख आणि परीक्षकांची भीती

मृत दात्याच्या मूत्रपिंडाची प्रत ठरविण्यासाठी अमेरिकेत जे गणिती सूत्र वापरले जाते, त्यातून ३१ ऑक्टोबर २०२४ पासून दोन घटक वगळण्यात आले. एक, दात्याचा वंश. दुसरा, दात्याला असलेला 'हेपॅटायटिस सी'चा संसर्ग. तोपर्यंत कृष्णवर्णीय दात्याचे मूत्रपिंड, इतर सर्व बाबी समान असूनही, केवळ वंशापायी कमी प्रतीचे गणले जात असे. 'हेपॅटायटिस सी'वर गुणकारी औषधे निघून बरीच वर्षे लोटली होती. तरी सूत्र जुन्याच भीतीला धरून होते. हा बदल झाला म्हणून एकाही मूत्रपिंडात काडीचा फरक पडला नाही. बदलला तो त्याला चिकटविलेला आकडा; आणि हजारो मूत्रपिंडांचे भवितव्य या आकड्यावर अवलंबून असते.

हे सूत्र मुळात अज्ञानातून किंवा दुष्टाव्यातून जन्मलेले नाही. २००२ पासून अमेरिकेत मूत्रपिंडांची ढोबळ विभागणी होत असे. दाता साठीच्या वरचा असेल, अथवा पन्नाशी ओलांडलेला असून उच्च रक्तदाब, पक्षाघाताने मृत्यू आणि रक्तातील वाढलेले क्रिएटिनिन यांपैकी दोन गोष्टी त्याच्या बाबतीत आढळत असतील, तर त्याचे मूत्रपिंड वेगळ्या, दुय्यम गटात जाई. ही विभागणी फार जाडीभरडी होती. म्हणून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या आधारे दात्याचे वय, उंची, वजन, मधुमेह, रक्तदाब, मृत्यूचे कारण, क्रिएटिनिन अशा दहा बाबी एकत्र करून शून्य ते शंभर असा निर्देशांक सिद्ध करण्यात आला. डिसेंबर २०१४ पासून तो वाटपाच्या नियमांचा भाग झाला. निर्देशांक ८५ याचा अर्थ, आदल्या वर्षी मिळालेल्या शंभरांपैकी ८५ मूत्रपिंडांपेक्षा हे लवकर निकामी होण्याचा धोका अधिक. त्याहून वरच्या आकड्याचे मूत्रपिंड स्वीकारण्यास रुग्णाची स्वतंत्र लेखी संमती लागते.

परंतु या निर्देशांकाची भाकीत करण्याची शक्ती किती? दोन मूत्रपिंडांपैकी कोणते अधिक टिकेल, हे नाणे उडवून सांगणाऱ्याला ०.५ आणि अचूक सांगणाऱ्याला १ गुण द्यायचे ठरविले, तर मूळ अभ्यासात या सूत्राला सुमारे ०.६ गुण मिळतात. मोठ्या समूहाचा अंदाज बांधण्यास ते उपयोगी आहे. समोर बर्फात ठेवलेल्या एका विशिष्ट अवयवाचा निवाडा करण्यास मात्र अपुरे आहे. सूत्र सिद्ध करणाऱ्यांनी त्याची मर्यादा लपविली नव्हती. तिचा विसर पडला तो व्यवहारात.

प्रत्यक्ष तपासण्यांनाही अशाच मर्यादा आहेत. दात्याच्या रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसले की मूत्रपिंड बिघडले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु अतिदक्षता विभागातील अखेरच्या दोनतीन दिवसांत रक्तदाब घसरल्यामुळे ते वाढले असेल, तर ती इजा तात्पुरती असते आणि नव्या शरीरात असे मूत्रपिंड बहुधा सावरते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने वा मधुमेहाने त्यात व्रण झाले असतील, तर ते भरून येत नाहीत. दोन्ही प्रसंगी कागदावरचा आकडा एकच असू शकतो. तो कोठून कोठे आला, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

यावर उपाय म्हणून मूत्रपिंडाचा सुईएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म केशगुच्छ सुमारे दहा लाख असतात. तुकड्यात सापडतात ते काही डझन. वेळ कमी असल्याने तुकडा घाईने गोठवून, पुष्कळदा रात्रीबेरात्री, कामावर हजर असलेल्या विकृतिशास्त्रज्ञाकडून तपासला जातो. तो मूत्रपिंडाचाच जाणकार असेल असे नाही. त्याच मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा केली, तर निष्कर्ष जुळतोच असे नाही, हे अनेकदा दिसून आले आहे. तरीही मूत्रपिंड नाकारण्याचे कारण म्हणून अमेरिकेत सर्वाधिक वेळा याच तपासणीचे नाव नोंदविले जाते.

या पारखीची खरी परीक्षा एका साध्या वस्तुस्थितीने होते. निसर्गाने मूत्रपिंडे दोन दिली आहेत. एकाच दात्याचे एक मूत्रपिंड नाकारले जाते आणि दुसरे कोणा रुग्णाला बसविले जाते, असे अमेरिकेत हजारो वेळा घडले आहे. वय तेच, रक्तदाब तोच, मृत्यूचे कारण तेच. २००० नंतरच्या अशा जोड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा वापरल्या गेलेल्या मूत्रपिंडांपैकी बहुसंख्य वर्षानंतरही नीट काम करीत असल्याचे आढळले. काही वेळा टाकलेल्या मूत्रपिंडात खरोखरच वेगळा दोष असेल. परंतु प्रत्येक वेळी तसे असेल, हे मानणे कठीण आहे. शनिवार-रविवारच्या सुमारास मिळालेली मूत्रपिंडे आठवड्यातील इतर दिवसांपेक्षा अधिक प्रमाणात टाकून दिली जातात, असेही तेथील संशोधकांना आढळले. वार पाहून अवयवाचा गुण बदलत नाही; बदलते ती रुग्णालयातील माणसांची सवड.

फ्रान्सशी तुलना केली म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. २००४ ते २०१४ या काळात मिळालेल्या मूत्रपिंडांपैकी अमेरिकेत १७.९ टक्के टाकली गेली, फ्रान्समध्ये ९.१ टक्के. फ्रेंच डॉक्टर वयस्क दात्यांची मूत्रपिंडे अधिक धीटपणे वापरीत होते. त्यांचे निकष लावले असते, तर अमेरिकेने टाकलेल्या सुमारे २८ हजारांपैकी १७ हजारांहून अधिक मूत्रपिंडे वापरली गेली असती, असा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्या देशात आज नव्वद हजारांवर रुग्ण मूत्रपिंडाची वाट पाहत आहेत आणि टाकून देण्याचे प्रमाण अलीकडे पाव हिश्शाच्या घरात गेले आहे.

एवढी भीती कशाची? २००७ पासून अमेरिकी शासनाने प्रत्यारोपण केंद्रांची मान्यता त्यांच्या एका वर्षाच्या यशाशी जोडली. अपेक्षेपेक्षा अधिक मूत्रपिंडे निकामी झाली, तर केंद्रावर गंडांतर येई. हेतू रुग्णाच्या रक्षणाचा होता. परंतु शंभर टक्के निकालाची जाहिरात करण्यासाठी कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसूच न देणारी शाळा शिक्षकवर्गाला अपरिचित नाही. येथेही तेच झाले. बसविलेले मूत्रपिंड निकामी झाले, तर ते केंद्राच्या खाती नोंदले जाई. मूत्रपिंडाची वाट पाहता पाहता दगावलेल्या रुग्णाची नोंद त्या खाती नसे. ही अट २०१९ मध्ये शिथिल करण्यात आली. पण अंगवळणी पडलेली सावधगिरी परिपत्रकाने जात नाही.

याचा अर्थ मिळेल ते मूत्रपिंड मिळेल त्याला बसवावे, असा मात्र नव्हे. निकृष्ट मूत्रपिंड स्वीकारणारा रुग्ण शस्त्रक्रियेचा धोका पत्करतो, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेतो, आणि थोड्याच काळात पुन्हा डायलिसिसवर आला, तर पुढील प्रत्यारोपणही त्याला अवघड होऊन बसते. पारख हवीच. मात्र 'मूत्रपिंड चांगले की वाईट' असा प्रश्न टाकून ती होत नाही. 'हे कोणासाठी, आणि ते न मिळाल्यास त्याचे काय होणार' असे विचारावे लागते. पंचविशीतल्या तरुणाला जे मूत्रपिंड देऊ नये, तेच सत्तरीतल्या गृहस्थाला डायलिसिसच्या यातनांतून कित्येक वर्षे सोडवू शकते. युरोपातील काही देशांच्या सामायिक संस्थेने १९९९ पासून पासष्टीपुढील दात्यांची मूत्रपिंडे पासष्टीपुढील रुग्णांना, बर्फातील वेळ शक्य तितका कमी ठेवून, देण्याची योजना चालविली आहे. इटलीतील ज्युसेप्पे रेमुझ्झी यांच्या गटाने तर तुकड्याच्या तपासणीला शून्य ते बारा गुण देऊन, तीनपर्यंत असल्यास एक मूत्रपिंड बसवावे, चार ते सहा असल्यास दोन्ही मूत्रपिंडे एकाच रुग्णाला द्यावीत, असा मार्ग दाखविला. तीच तपासणी, पण टाकण्याचे निमित्त शोधण्याऐवजी तिच्याकडून उपयोगाची वाट विचारली गेली.

भारताचे दुखणे वेगळे आहे. येथे चार पंचमांशांहून अधिक मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात आणि त्या दात्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. तेथील पारखीचा दंडक अगदी उलटा आहे. दोहोंपैकी जे मूत्रपिंड अधिक कार्यक्षम, ते दात्याकडेच ठेवायचे आणि दुसरे घ्यायचे. म्हणजे किंचित उणे मूत्रपिंड घेऊनही माणसे वर्षानुवर्षे जगतात, हे आपले डॉक्टर रोज पाहतात. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. मुंबई, पुणे, नागपूर येथे वाटपासाठी समन्वय केंद्रे उभी राहिली. २०२३ मध्ये मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदविण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादाही केंद्र शासनाने काढून टाकली. वयस्क रुग्णांना रांगेत उभे केल्यावर त्यांच्यासाठी वयस्क दात्यांच्या मूत्रपिंडांचा विचार करणे ओघानेच आले. आपल्याकडे असे एक मूत्रपिंड टाकले गेले, तर त्याची भरपाई पुष्कळदा कोणा आईला किंवा पत्नीला शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपून करावी लागते.

म्हणून यापुढे अमेरिकेची यंत्रे आणि सूत्रे आणताना तिची भीती आयात होणार नाही, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक नाकारलेल्या मूत्रपिंडाचे कारण लेखी नोंदवावे. त्याच दात्याचे दुसरे मूत्रपिंड वापरले गेले असेल, तर त्याचे पुढे काय झाले, हे त्याच नोंदीशेजारी लिहावे. आणि त्या नोंदी जाणकारांपुढे ठेवाव्यात. रुग्णाला आकड्यासह त्याचा अर्थही सांगावा, म्हणजे नकार वा होकार त्याचा स्वतःचा राहील. घरचे माणूस नुकतेच गेलेले असताना जे कुटुंब अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून 'घ्या' म्हणते, त्याच्या दानाची एवढी बूज तरी राखली गेली पाहिजे.