काँटेसा वळणावर

समुद्रपूरहून गिरडकडे निघालं की रस्ता बराचसा सरळ दिसतो, पण तो सपाट नाही. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, आणि वरचं डांबर दरवर्षी तिच्याबरोबर हलतं. त्यामुळे कपाशी-तुरीच्या शेतांमधून जाणाऱ्या इथल्या रस्त्यांना लाटा आलेल्या असतात. दुरून त्या दिसत नाहीत, गाडीत बसलं की कमरेला कळतात. गुळगुळीत महामार्गावर दोन गाड्यांमधला फरक झाकला जातो. इथे तो पहिल्याच किलोमीटरला उघडा पडतो.

हिवाळ्यातल्या एका सकाळी मी या रस्त्यावर दोन गाड्या पाठोपाठ चालवल्या. आधी मित्राच्या वडिलांची काँटेसा, मग त्याच मित्राची फोक्सवॅगन व्हर्टस.

अमेरिकेत १९६४ साली पाँटिअॅक जीटीओ आणि फोर्ड मस्टँग आल्या आणि लांब नाकाच्या, मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचं वेड पसरलं. त्यांची सारी ताकद सरळ रेषेत पळण्यासाठी होती; वळण हा त्यांचा प्रांत नव्हता. आपल्याकडे त्या घराण्याशी चेहरेपट्टी जुळते ती काँटेसाची. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ पासून उत्तरपाड्याला बनवली. सुरुवातीला त्या भारदस्त देहात अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं, सुमारे ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. नंतर इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे गाडीला दम आला. मी चालवली ती ही दुसरी. ताकद अमेरिकन नसली तरी मांडणी तीच: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, आणि मागची दोन्ही चाकं एकाच सलग अॅक्सलवर.

काका शेजारी बसले. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे उभी गाडी वळवताना खांदे भरून येतात. वेग धरला की तेच स्टीअरिंग हलकं होतं. गावाबाहेरची पहिली लाट आली. नाक वर गेलं, सावकाश खाली बसलं आणि ते पुरतं स्थिरावण्याआधीच दुसरी लाट आली. प्रवाशाला हा झोका सुखाचा वाटतो. चालवणाऱ्याला मात्र त्याचा हिशेब सतत ठेवावा लागतो.

पुढे डावं वळण होतं. माझा पाय सवयीने उशिरापर्यंत अॅक्सलरेटरवर राहिला. "वळणात ब्रेक नोको दाबू," काका म्हणाले. "जे काय करायचं ते वळणाच्या पयले." मी ब्रेक मारून वेग उतरवला, गिअर खाली घेतला, गाडी बसू दिली, मग स्टीअरिंग फिरवलं. देह बाहेरच्या बाजूला कलला आणि एका ठरावीक कोनात थांबला. तिथून पुढे हलकासा अॅक्सलरेटर दिला की मागची चाकं गाडीला वळणातून ढकलत नेतात.

काकांच्या सांगण्यामागे साधं कारण आहे. वळणात ब्रेक मारला की वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात आणि त्यांची पकड सुटू लागते. त्यात सलग अॅक्सल. बंडीच्या आखासारखंच हे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरपं होतं. वर मधोमध डिफरन्शिअलचं लोखंड. नेमक्या वळणात लाट आली की हे सगळं ओझं उसळतं आणि मागचा भाग वीतभर बाजूला सरकतो. मला ते कमी वेगातही एकदा जाणवलं. मस्टँगच्या सगळ्या मॉडेलांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळायला २०१५ चं मॉडेल उजाडावं लागलं, इतकी ही जुनी मांडणी चिवट होती.

व्हर्टस आपल्या चाकणची. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, जोर पुढच्या चाकांवर. त्याच लाटेवर एक धक्का बसला आणि संपला. त्याच वळणावर ती जवळजवळ सरळच उभी राहिली. मागे याही गाडीला दोन्ही चाकं जोडणारा बीम आहे, पण तो पिळला जातो आणि त्याच्यावर डिफरन्शिअलचा भार नसतो. स्टीअरिंग किती फिरवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय, याची तुलना संगणक क्षणोक्षणी करतो. दोन्हींत तफावत दिसली की तो नेमक्या एका चाकाला ब्रेक लावतो. माझी चूक तो माझ्याआधी ओळखतो. वळणातून बाहेर पडल्यावर मी वेग पाहिला, तर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होता. काँटेसात ही फसगत होत नाही. तिथे वेग कानाला, हाताला आणि पाठीला कळतो.

इथवरची तुलना अपुरी आहे. वर्षभरापूर्वी मी हीच काँटेसा चालवली होती, तेव्हा ती सरळ रस्त्यावरही भटकत होती. हात सारखे दुरुस्ती करत होते. जुन्या गाड्या अशाच, असं तेव्हा मी धरून चाललो. मधल्या काळात काकांनी हिंगणघाटच्या मेकॅनिककडून सस्पेन्शनचे सगळे रबरी बुश, चारही शॉकअप आणि टायर बदलून घेतले. जुन्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण गाडी वर्षानुवर्षं उभी राहून त्यांचं रबर दगडासारखं कडक झालं होतं. बदल केल्यावर तीच गाडी रेषा धरून चालायला लागली. आपण एरवी जुन्या गाडीची नव्या गाडीशी तुलना करतो, तेव्हा बहुधा कुजलेल्या रबराची ताज्या रबराशी तुलना करत असतो. कलणं, झोके, मागचं उसळणं हा आराखड्याचा दोष. भटकणं हा निगेचा.

परतताना जाम चौरस्त्याला आलो. हैदराबादकडे जाणारे ट्रक, चंद्रपूरकडे वळणारी वाहनं. एक ट्रक अचानक थांबला आणि व्हर्टसचा ब्रेक मी पूर्ण दाबला. एबीएसची थरथर पायाला जाणवली, गाडी सरळ रेषेत उभी राहिली. काँटेसात चाकं लॉक झाली असती. घरच्यांना घेऊन रात्री या महामार्गावर निघायचं असेल तर मी दुसरा विचार न करता नवी गाडी घेईन. गाडी चालवणं शिकायचं असेल तर काकांच्या शेजारी, गिरडच्या रस्त्यावर.

तुमच्याकडे जुनी गाडी उभी असेल तर ती रस्त्यावर काढण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१२ असेल तर तो टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही चांगली दिसली तरी तो आजच बदला.