टायटॅनिकची बाटली आणि जुना कागद

२०१७ मध्ये कॅनडातील न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर, फंडीच्या उपसागरात, एक बाटली सापडली. आतल्या फ्रेंच चिठ्ठीवर तारीख होती १३ एप्रिल १९१२, म्हणजे टायटॅनिक हिमनगावर आदळण्याच्या आदल्या दिवसाची, आणि खाली नाव माथिल्ड लेफेव्रचे. ही मुलगी खरोखरच जहाजाच्या तिसऱ्या वर्गात होती. आई-भावंडांसह ती बुडाली. क्विबेकमधील संशोधकांना काच आणि कागद त्या काळाशी जुळणारे आढळले. बातमीला एवढे पुरे झाले, पण पुराव्याला पुरत नाही. जुनी बाटली भंगारात मिळते, कोरा जुना कागद जुन्या पुस्तकातून फाडता येतो. साहित्य नवे निघाले तर लबाडी उघड होते. जुने निघाले म्हणून मजकूर खरा ठरत नाही.

मग अक्षराकडे पाहावे लागते. तेव्हा फ्रेंच शाळांत गिरवून घेत तसे वळण चिठ्ठीत दिसत नाही. दुसऱ्या कोणी तिच्यासाठी लिहिले असेल, असे म्हणता येईल. पण मग तो दुसरा जहाजावरच होता, हे कशावरून? उत्तर अटलांटिकचे प्रवाहही बहुतांशी युरोपकडे वाहतात. बाटली उलट दिशेला जाणे अशक्य नाही, दुर्मीळ मात्र आहे. शिवाय लबाडी आजचीच असायला हवी असेही नाही. १९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ २११ माणसांसह नाहीशा झालेल्या ‘वाराटा’ जहाजाच्या नावानेही बाटल्या निघाल्या होत्या, आणि त्या बनावटच मानल्या गेल्या. स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत माथिल्डची चिठ्ठी संशयास्पदच मानावी.