पकड कां सुटते?

महाविद्यालयीन कबड्डीच्या सामन्यास जमलेल्या प्रेक्षकांची दृष्टि बहुधा एकाच माणसावर खिळलेली असते, आणि तो माणूस म्हणजे चढाई करणारा गडी. दम घुमवीत तो मध्यरेषा ओलांडतो, कोपऱ्यांतील गड्यास पायाचा अंगठा लावून विजेसारखा परत फिरतो, आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. समोर हातांत हात गुंफून उभे असलेले सात गडी मात्र कोणाच्या ध्यानींमनींहि नसतात. त्यांची आठवण होते ती पकड सुटल्यावर, आणि तीहि दोष देण्यासाठीं. वस्तुतः सामन्याचा अर्धा वेळ प्रत्येक संघाला बचावच करावयाचा असतो. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि तीस सेकंदांची एक चढाई असा हिशेब धरला, तर एका सामन्यांत प्रत्येक संघाला सुमारें चाळीस चढायांना तोंड द्यावें लागतें. जो संघ हें काम कमी महत्त्वाचें मानतो, त्याचे उत्तम चढाईबहाद्दरहि त्याला तारूं शकत नाहींत.

वऱ्हाडांत ह्या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष कारण आहे. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत व अनंतराव ह्या वैद्य बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. ह्याच मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं आणि त्यांत कबड्डीहि होती. ज्या खेळाला खेडोपाडीं हुतूतू म्हणून ओळखत, तो युरोपांतील प्रेक्षकांसमोर मांडण्याचा मान असा वऱ्हाडाकडे आला. पुढें १९५० सालीं ह्या खेळाची अखिल भारतीय संघटना झाली, आणि १९९० सालीं पेकिंगच्या आशियाई सामन्यांत त्याला पदकाचें स्थान मिळालें. १९८३ सालीं अमरावती येथें विद्यापीठ स्थापन झाल्यावर अमरावती, अकोला आणि शेजारच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें एका छत्राखालीं आलीं, व आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्यांचे संघ एकमेकांसमोर उभे राहूं लागले. ज्या भूमींतून हा खेळ समुद्रापार गेला, त्याच भूमींतील तरुणांना पकडीचें शास्त्र अवगत नसावें, हें शोभणारें नाहीं.

पकड कां सुटते हें समजण्यापूर्वीं मैदान नीट पाहिलें पाहिजे. पुरुषांचें मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतें. दोन्ही बाजूंस एकेक मीटरचा पट्टा राखीव असल्यामुळें झटापट सुरू होईपर्यंत खेळावयास आठ मीटरच रुंदी मिळते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा असते आणि तिच्या मागें आणखी एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत अवघी पावणेदोन मीटर जागा उरते. म्हणजे चढाई करणारा खोलवर आला कीं बचाव करणारांना मागें सरकावयास फारशी जागा राहत नाहीं. उलट त्या चढाई करणाऱ्यालाहि परतीची वाट लांब पडते. बचावाचें सारें मर्म ह्या एका वाक्यांत आहे.

आतां गुणांचें गणित पाहूं. एक गडी पकडला तर संघास एक गुण मिळतो आणि बाद झालेला आपला एक गडी मैदानांत परत येतो. पण पकड सुटली, तर ज्यांनीं ज्यांनीं त्याला स्पर्श केला ते सर्व बाद होतात. तिघांनीं धरला आणि तो निसटला, तर तीन गुण गेले व तीन गडीहि गेले. मिळकत एकाची आणि धोका तिघांचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून पकड हें धाडसाचें काम असलें, तरी त्याच्या मागें व्यापाऱ्याची सावधगिरी असावी लागते.

समजा, अमरावतीचा एक महाविद्यालयीन संघ बडनेरा व मूर्तिजापूर मागें टाकून अकोल्यास सामन्यासाठीं गेला आहे. अकोल्याचा गडी चढाईस येतो. निदानरेषा ओलांडून तो जेमतेम एक पाऊल आंत येतो, आणि डावा कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेप घेतो. झेप उत्तम, हातहि बरोबर बसलेले. परंतु त्याच्या शेजारचा गडी क्षणभर पाहतच राहतो. उजवीकडचे दोघे धांवत येतात, पण ते पाठीमागून. चढाई करणारा एका पायावर उड्या मारीत मध्यरेषेकडे झेपावतो, सारें अंग लांब टाकतो, आणि त्याच्या बोटांचीं टोकें रेषेला लागतात. तीन गडी बाद! प्रेक्षक म्हणतात, कोपरारक्षकानें घाई केली. त्याचे सोबतीहि तेंच म्हणतात. तो बिचारा मान खालीं घालून मैदानाबाहेर जातो, आणि पुढच्या वेळीं पाय समोर आला तरी हात पुढें करीत नाहीं.

येथें चूक एकट्याची नाहीं. त्या एका प्रसंगांत तीन चुका एकत्र आलेल्या आहेत.

पहिली चूक अंतराची. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य हात पसरून पालथा पडला, तर पायापासून बोटांपर्यंत तो सुमारें सात फूट, म्हणजे दोन मीटरांहून अधिक जागा व्यापतो. निदानरेषेजवळ त्याचा घोटा धरला, तर पडल्यावर त्याला उरलेलें अंतर दीड-पावणेदोन मीटरांचें, म्हणजे दोन पावलांचें असतें. तेवढें तो ओढत-फरफटत काटूं शकतो. तोच घोटा बोनस रेषेवर धरला असता, तर आणखी एक मीटर वाढला असता. आणि झटापटींत एक मीटर म्हणजे मोठीच मजल. म्हणून अनुभवी कोपरारक्षक पाय दिसतांच झेपावत नाहीं. तो अर्धें पाऊल मागें घेतो, चढाई करणाऱ्याला आंत येण्याचा मोह पाडतो, आणि मगच हात टाकतो.

दुसरी चूक ओढण्याची. नवखा गडी पाय धरला कीं सरळ मागें ओढतो. चढाई करणारा दुसऱ्या पायानें जमिनीला रेटा देऊन पुढें जातो, आणि दोन बळांची रस्सीखेंच सुरू होते. पदार्थविज्ञानाचा साधा नियम असा कीं, शरीराचा भार पावलांनीं व्यापलेल्या जागेवर तोलला जात असेल तोंवरच मनुष्य स्थिर उभा राहतो. दोन्ही पाय जमिनीवर असतात तेव्हां ही जागा ऐसपैस असते. एक पाय वर उचलला कीं ती एका तळव्याएवढीच उरते. म्हणून घोटा ओढण्याआधीं उचलावा. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत अडकवून पाय आपल्या छातीकडे वर घेतला, म्हणजे चढाई करणाऱ्याचा रेटा निम्मा होतो, आणि शेजारच्या गड्यास त्याला अडविणें सोपें जातें. मांडीची पकड आणि कमरेची पकड ह्यांनाहि हाच नियम लागू आहे. आधीं तोल घालवावा, मग बळ लावावें.

तिसरी चूक सांखळीची, आणि तीच सर्वांत मोठी. दोन गडी हात धरून उभे राहतात ते शोभेसाठीं नव्हे. त्या हातांतून इशारा जातो. कोपरारक्षक झेपावण्याच्या क्षणीं शेजारच्याच्या हातास झटका बसतो आणि त्यानें त्याच क्षणीं चढाई करणाऱ्याच्या परतीच्या वाटेवर उभें राहावयाचें असतें. पाठीमागून धांवणारे चार गडी जें काम करीत नाहींत, तें मध्यरेषेच्या बाजूनें आडवा उभा राहिलेला एक गडी करतो. घरांत शिरलेल्या चोराच्या मागें सारे धांवत सुटण्यापेक्षां एकानें आधीं दार लावून घ्यावें, त्यांतलाच हा प्रकार. आणि ज्यांना पोंचणें शक्य नाहीं त्यांनीं दूरच राहावें. कारण उशिरा लागलेला हात पकड घट्ट करीत नाहीं, प्रतिपक्षाचा एक गुण मात्र वाढवितो.

ह्या तीन चुकांच्या जोडीला अलीकडच्या नियमांचें अज्ञानहि असतें. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळवावाच लागतो, नाहीं तर चढाई करणारा बाद होतो. मग पहिल्या दोन चढायांत उगाच झेपा टाकण्याचें बचाव करणारांना कारण काय? त्यांनीं संयम ठेवावा. तिसऱ्या खेपेस गडी आपण होऊन खोलवर येणारच आहे. तसेंच, मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतांना पकड साधली तर दोन गुण मिळतात; हिलाच अव्वल पकड म्हणतात. तीन गडी उरले कीं सारें संपलें असें मानून हताश होणारा संघ लोण ओढवून घेतो आणि आणखी दोन गुण गमावतो. धीर धरणारा संघ तेथूनच सामना फिरवितो.

बळाच्या भरांत कांहीं गोष्टी विसरल्या जातात, त्यांचाहि उल्लेख अवश्य आहे. चढाई करणाऱ्याचें तोंड दाबून दम बंद करणें, गळा आवळणें, पायांची कैंची घालून पाडणें, इजा होईल अशा रीतीनें आदळणें ह्या गोष्टी नियमबाह्य आहेत. धड व हातपाय ह्यांखेरीज अन्यत्र धरण्यास नियमांची मुभा नाहीं. हे निर्बंध केवळ सभ्यतेसाठीं केलेले नाहींत. वऱ्हाडांतील मुलें पूर्वीं काळ्या मातीवर खेळत. पाय घसरला तर मनुष्य घसरत जाई. आज मोठे सामने मॅटवर होतात आणि बूट मॅटला घट्ट धरून राहतो. अशा वेळीं रोवलेल्या पायावर बाजूनें कोणी कोसळला, तर सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्याचा सांधा पुढेंमागें वाकण्यासाठीं आहे, बाजूस वाकण्यासाठीं नाहीं. एका क्षणाच्या आडदांडपणानें एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचा खेळच नव्हे, तर शेतांतलें कामहि कायमचें थांबूं शकतें. पकडीचें शास्त्र शिकणें म्हणजे प्रतिपक्षाच्या शरीराची जबाबदारी घेणेंहि आहे.

चांगल्या बचावाचें सामर्थ्य काय असतें, ह्याचा धडा भारताला २०१८ सालीं जाकार्ता येथें मिळाला. १९९० पासून २०१४ पर्यंत सातहि आशियाई सामन्यांत भारतीय पुरुषांनीं सुवर्णपदक मिळविलें होतें. त्या वर्षीं मात्र उपान्त्य सामन्यांत इराणनें भारताला २७ विरुद्ध १८ अशा गुणांनीं हरविलें. महिलांच्या अंतिम सामन्यांतहि इराणच २७ विरुद्ध २४ असा विजयी झाला. इराणच्या पुरुष संघांतील फजल अत्राचली ह्या डाव्या कोपरारक्षकाचें नांव त्यानंतर आपल्याकडे घरोघर झालें. भारतानें २०२३ सालीं हांगचौ येथें दोन्ही सुवर्णपदकें परत मिळविलीं. परंतु हा खेळ आपलाच आहे, तो आपल्याला शिकावा लागत नाहीं, हा भ्रम तेव्हांपासून गेला, आणि तो गेला हेंच बरें झालें.

महाविद्यालयीन संघांनीं ह्यावरून काय करावें? सरावाचा अर्धा वेळ बचावास द्यावा. रोज कांहीं काळ दोन-दोन गड्यांच्या जोड्या करून, धांवपळ न करतां, संथ गतीनें एकच पकड पुनःपुन्हा करावी; एकानें घोटा उचलावा, दुसऱ्यानें वाट अडवावी. गति मागाहून वाढवितां येते. चुकीची संवय मात्र मोडतां मोडत नाहीं. जोड्या वरचेवर बदलूं नयेत, कारण शेजारच्याच्या हाताची भाषा समजण्यास महिने लागतात. आणि सामना संपल्यावर पकड कोणाच्या हातून सुटली हें विचारण्याऐवजीं, त्याच्या मदतीस कोण पोंचला नाहीं, हें विचारावें.

ह्या शेवटच्या प्रश्नांत सगळें सार आलें. जो पहिला झेपावतो त्याला मागें वळून पाहण्यास वेळ नसतो. सोबती येतीलच ह्या एका भरंवशावर तो स्वतःला झोंकून देतो. तो भरंवसा दोनदां खोटा ठरला, तर तिसऱ्या वेळीं तो झेपावत नाहीं, आणि मग त्या संघांत सात गडी असले तरी बचाव उरत नाहीं. अमरावती असो वा अकोला, ज्या संघानें हा भरंवसा राखला, त्याची पकड सहसा सुटत नाहीं.