तंबू ओढ्यापासून दूर

सह्याद्रीच्या रानात मुक्काम म्हटला की तंबू हमखास ओढ्याकाठी पडतो. पाणी हाताशी, जागा सपाट. माझ्या मते नेमकी हीच जागा टाळायला हवी. रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि घळीत उतरून साचते. थोडं वर, झाडांच्या आडोशाला, थंडी कमी लागते. काठाला ओलही जास्त. झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ गार कापडावर थेंब धरते आणि पहाटे स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक भिजलेलं सापडतं. लोक तंबू गळका समजतात. बहुतेक वेळा हवा खेळायच्या झडपाच बंद राहिलेल्या असतात. वळवाच्या दिवसांत तर माथ्यावर पाऊस कोसळला की खाली थेंबही नसताना कोरडा ओढा फुगतो.

पाणी वाहून कोण आणणार, हा आक्षेप रास्त आहे. पण दोन कॅन भरून साठ-सत्तर मीटर वर नेणं ही संध्याकाळची एक खेप. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या जंगलात उन्हाळ्यात बरेच ओढे आटतात. उरलेल्या डबक्यावर रात्री बिबट्या, भेकर, रानडुक्कर येतात. तिथे आपला उजेड आणि गलका असला तर ती तहानलेलीच मागे फिरतात, आणि पुढचा पाणवठा कदाचित डोंगर ओलांडून असतो.