प्रवाळटाकीतील कोपेपॉड आणि विहिरीतला सायक्लॉप्स

सागरापासून दूर, तापीच्या खोऱ्यात, जिथे वैशाखात पारा ४५ अंशांना शिवतो, त्या जळगाव-धुळ्याकडे घरात प्रवाळांचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय मांडणे हे धाडसच म्हणावे लागेल. परंतु रात्री दिवे मालवून विजेरीचा झोत टाकला असता काचेवर जे पांढुरके ठिपके उड्या घेत पळतात, ते कोपेपॉड नावाचे कवचधारी जीव खानदेशाला परके नाहीत. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे हे प्राणी शेवाळ आणि उरलेसुरले अन्न फस्त करतात, आणि रंगीत मॅंडरिन मासा तर बहुतांशी त्यांच्यावरच जगतो; म्हणून कोपेपॉड अजून न रुजलेल्या नव्या टाकीत तो आणणे म्हणजे त्याला उपाशी मारणे होय. उन्हाळ्यात पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते. तेव्हा भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याचीच.

या कोपेपॉडांचा गोड्या पाण्यातील भाऊबंद म्हणजे सायक्लॉप्स: कपाळी एकच डोळा, आणि मादीच्या शेपटीलगत अंड्यांच्या दोन पिशव्या. पूर्वी नारू या कृमिरोगाचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या फोडातून सुटलेल्या अळ्या सायक्लॉप्स गिळी, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने हातभर कृमी डोके काढी. पायविहिरींचा बंदोबस्त, फडक्याने गाळलेले पाणी आणि औषधफवारणी यांमुळे १९९६ नंतर भारतात नारूचा रोगी आढळला नाही, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसा दाखला दिला. सायक्लॉप्स मात्र विहिरी-तळ्यांत आजही सुखेनैव नांदतो, आणि माशांची पिल्ले त्याच्यावर पोसली जातात.